तक्ता आणि कौल

मी घाटकोपरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात सव्वीस वर्षं अर्थशास्त्र शिकवते. एवढ्या वर्षांत माझ्या सख्ख्या भावाला अर्थशास्त्राचा सल्ला मी एकदाच दिला. तो त्याने ऐकला नाही, म्हणून आमची आई आज स्वतःच्या घरात झोपते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढे मी स्वतःलाच शहाणी ठरवत बसेन. शिकवण्याच्या धंद्यात ही खोड लागतेच.

दादाचा मरोळला गाळा आहे. सरकारी औद्योगिक वसाहतीत, मागच्या रांगेत. दोन लेथ, चार माणसं, आणि उन्हाळ्यात गरम वारा ढवळणारा एक पंखा. पाण्याचे पाइप जोडायला लागतात ते पितळी तुकडे तिथे बनतात, बोटाएवढे, आतून-बाहेरून आटे पाडलेले. पहिला लेथ वडिलांनी घेतला, गिरणी बंद पडल्यावर हातात आलं त्यातून. दादाची तेव्हा दहावी होती. शेवटचा पेपर देऊन तो दुसऱ्या दिवशी लेथवर उभा राहिला. मी सहावीत होते, मी शाळेत राहिले. या गोष्टीवर आमच्या घरात कधी चर्चा झाली नाही. मी एम.ए. झाले तेव्हा मागच्या रांगेतल्या सगळ्या गाळ्यांत पेढे मात्र त्यानेच वाटले.

आमच्याकडे सरकार हा शब्द जरा जपूनच वापरतात. गिरणी बंद झाली तेव्हा सरकारने सांगितलं होतं, काळजीचं कारण नाही, गिरणी पुन्हा सुरू होणार. वडिलांनी त्यावर दोन वर्षं काढली. आई त्यातून एकच धडा शिकली, पण पक्का. टीव्हीवर कुणी मंत्री ‘घाबरण्याचं काही कारण नाही’ असं म्हणाला की ती उठते, पिशवी घेते आणि तेल-तांदूळ जास्तीचे आणून ठेवते. आम्ही हसतो. पण तिचा अंदाज माझ्या पुस्तकांपेक्षा जास्त वेळा बरोबर आलाय, हे मी वर्गात सांगत नाही.

गाळ्यापुरतं सरकार म्हणजे एक साहेब. वर्षातून दोनदा येतो आणि आग विझवायचा लाल सिलिंडर बघतो. तो भिंतीवर टांगलेला असला तर म्हणतो, खाली ठेवा. खाली असला तर म्हणतो, टांगा. दादा त्याला चहा पाजतो, सिलिंडर हलवतो, साहेब सही करून जातो. दादाला याचा राग येत नाही. तो म्हणतो, सिलिंडर पुसला तरी जातो वर्षातून दोनदा.

हे झालं आपलं सरकार. ते निदान दारात येतं, त्याला तोंड असतं. दादाचा निम्म्याहून जास्त माल मात्र जायचा समुद्रापलीकडच्या एका मोठ्या देशात, आणि तिथल्या सरकारचा मरोळशी काही संबंध असू शकेल हे आमच्या गावीही नव्हतं. माल पाठवायचा तो एक निर्यातदार. त्याचं ऑफिस वांद्र्याकडे काचेच्या इमारतीत. गाळ्यात यायचा तो त्याचा माणूस, खोके मोजून टेम्पोत घालायला. मालक स्वतः कधी आला नव्हता.

तो त्या मे महिन्यात आला. पांढरे बूट घालून पितळेच्या किसातून चालत आला आणि दादाला म्हणाला, तिकडचं सरकार आपल्या मालावर कर वाढवणार आहे, तारीख जाहीर झाली आहे, त्याच्या आत जमेल तेवढा माल घालायचा. तिप्पट काम देतो. पण तुझे हे जुने लेथ पुरणार नाहीत, नवी आपोआप चालणारी मशीन घे. पुढेही सगळं काम तुलाच. तू नाही म्हणालास तर पुढच्या रांगेत विचारतो.

मशीनसाठी बँक तारण मागत होती. गाळा भाडेपट्ट्याचा, तो चालेना. उरलं आईचं घर. मरोळलाच, दोन खोल्यांचं, वडिलांनी मरायच्या आधी आईच्या नावावर केलेलं. दादाने मला फोन केला. म्हणाला, “बाय, तू शिकलेली हस. तू सांग, काय करू.”

आता हा प्रश्न मला कुणी सव्वीस वर्षांत विचारला नव्हता. मुलं विचारतात, हा प्रश्न पाच मार्कांना येईल का. नवरा विचारतो, विजेचं बिल भरलंस का. मी जी उठले ती रविवारी सकाळी मुलुंडच्या आमच्या घरून एक तक्ता घेऊनच मरोळला पोचले. मोठा पुठ्ठा, चार रंग. निळ्याने तिकडची मागणी, लालने कर, हिरव्याने दादाचा माल, आणि नारिंगी रंगाने नवी मशीन. आईच्या बाहेरच्या खोलीत कॅलेंडर काढून त्या खिळ्याला मी तो टांगला आणि तासभर बोलले. सांगितलं, कर वाढायच्या आधी तिकडचे लोक साठा करून ठेवतात. नंतर वर्षभरात दोन्ही सरकारं बसून कर खाली आणतात, असंच होतं नेहमी. “कुठलंही सरकार स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेत नाही,” असं मी म्हणाले. हे वाक्य मला अजून लख्ख आठवतं, कारण म्हणताना मी तक्त्यावर टिचकी मारली होती.

आई बांगडे साफ करता करता ऐकत होती. दादा मान हलवत होता. वहिनीने विचारलं, “पण नाय जमला तर घर जाईत ना?” मी म्हटलं, वहिनी, धोका घेतल्याशिवाय कुणी मोठं होत नाही. घर माझं नव्हतं, त्यामुळे हे म्हणायला मला काही जड गेलं नाही. आई म्हणाली, “तुमका दोघांक समाजता ना? मग मी सही करतंय.” तिने कपाट उघडलं, साड्यांखालून घराचे कागद काढले आणि प्लास्टिकच्या पिशवीत घालून माझ्याकडे दिले. बँकेची माणसं, अर्ज, झेरॉक्स हे सगळं मी बघायचं ठरलं. पिशवी घेऊन मी मुलुंडला आले. मला फार भारी वाटत होतं, खरं सांगते.

दोन दिवसांनी दादाचा फोन. “बाय, मी गावाक जाऊन येतंय. कौल लावतंय, मग सही.”

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे कोकणात मोठं काही करायचं झालं तर गावच्या देवाला विचारतात. गुरव फुलाच्या पाकळ्या पाण्यात बुडवून देवाच्या पाषाणाला उजवीकडे आणि डावीकडे चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, आणि सगळे बघत बसतात. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. लग्न, विहीर, वाटणी, सगळं असं ठरतं. माझंही लग्न असंच ठरलं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण यंत्रसामग्रीतली गुंतवणूक?

मी फोनवर चढलेच. “अरे, तिकडे तारीख जवळ येतेय आणि तू पाकळ्या मोजायला चाललास? बाहेर कुणाला सांगितलं तर हसतील रे.” दादा म्हणाला, “हसू देत.” आणि तो गेला. एकटाच गेला, कारण आईचे गुडघे आणि माझ्या उत्तरपत्रिका.

तिसऱ्या दिवशी गावाहून त्याचा फोन आला. आवाज लांबून आल्यासारखा. “देव बोलाक नाय.”

“म्हणजे?”

“म्हणजे पाकळीच पडाक नाय. ना उजवी, ना डावी. सकाळपासून दुपारपर्यंत बसलंय. गुरव म्हणालो, आज देवाच्या मनात नाय.”

देव बोलल्याशिवाय सही करणार नाही, असं त्याने सांगितलं आणि आईनेही त्याचीच री ओढली. माझा संताप संताप झाला. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये मी भौतिकशास्त्राच्या सहकाऱ्याला गाठलं आणि आम्ही दोघांनी मिळून त्याचं शास्त्रीय उत्तर काढलं. मे महिन्याची अखेर, हवेत दमटपणा, गाभाऱ्यात वारा नाही, पाषाण गार. पाकळीचं पाणी सुकणार कसं आणि ती पडणार कशी? मी हे दादाला फोनवर समजावलं. तो म्हणाला, “असात.” मी पुढे हेच वर्गातही सांगितलं, अंधश्रद्धेमुळे संधी कशी हातची जाते याचं उदाहरण म्हणून. भाऊ म्हटलं नाही, एक लघुउद्योजक म्हटलं.

निर्यातदार थांबला नाही. पुढच्या रांगेतल्या एका गाळेवाल्याने मशीन घेतली, काम त्याच्याकडे गेलं. ती मशीन टेम्पोतून उतरवताना नारळ फोडला तेव्हा दादा तिथे उभा होता, त्याने टाळ्याही वाजवल्या. मी जवळजवळ महिनाभर त्याच्याशी धड बोलले नाही. घराचे कागद माझ्या कपाटात तसेच पडून होते. परत न्यायचं मी मुद्दाम टाळत होते. मला वाटत होतं, देवाचा मूड बदलेल.

मग एका सकाळी बातमी आली. जाहीर केलेली तारीख तिकडच्या सरकारने पाळलीच नाही. ती येण्याआधीच कर लागला. आठवडाभरात तो होता त्याच्या दुप्पट झाला, आपल्याशी काही वेगळ्याच कारणावरून बिनसलं होतं म्हणून. समुद्रात निम्म्या वाटेवर असलेला माल तिकडच्या बंदरात पोचला तेव्हा घेणाऱ्याने उचलायला नकार दिला. काही महिन्यांनी कर कमी झाला. मग तिकडच्याच कोर्टाने तो बेकायदा ठरवला. मग दुसऱ्या नावाने पुन्हा आला. आपल्याकडे टीव्हीवर एक मंत्री आले आणि म्हणाले, घाबरण्याचं काही कारण नाही. आईने पिशवी घेतली.

कर दुप्पट झाल्याची बातमी आली त्या दिवशी मी कॉलेजला गेले नाही. आजारी असल्याचं कळवलं, आणि ते खोटं नव्हतं. कपाटातली प्लास्टिकची पिशवी काढली, छातीशी धरली आणि रिक्षाने थेट मरोळला गेले. बसने किंवा मेट्रोने जायची हिंमत झाली नाही, कुणी पिशवी ओढली तर? आई दारातच होती. मी पिशवी तिच्या हातात दिली आणि तिथेच चपलांच्या रॅकशेजारी मटकन बसले. आई म्हणाली, “काय झाला गो? जेवलंस?” तिने कागद साड्यांखाली सरकवून ठेवले आणि कपाटाचं दार लावलं. ते दार लागल्याचा आवाज ऐकून मला जे हलकं वाटलं ते मला मुलं झाली तेव्हाही वाटलं नव्हतं. पहिल्यांदा मनापासून वाटलं, बरं झालं देव गप्प बसला. जगातली दोन सरकारं रोज उठून काहीबाही जाहीर करत होती, मी तक्ते टांगत होते, आणि त्या सगळ्या गलक्यात आमच्या गावचा एक पाषाण तेवढा तोंड उघडायला तयार नव्हता.

दादाला झळ बसलीच. परदेशचं काम जवळपास संपलं, दोन महिने एकच लेथ चालला. पण बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत जी ती जुनी इमारत पाडून नवी होते आहे, आणि प्रत्येक नव्या इमारतीला पाणी लागतंच. दादा पायी फिरून प्लंबर लोकांना भेटला. हळूहळू इथलंच काम मिळालं. चारही माणसं टिकली. पुढच्या रांगेतल्या त्या गाळेवाल्याची मशीन निळ्या प्लास्टिकखाली उभी राहिली. त्याच्या बायकोचे दागिने गेले, घर कसंबसं राहिलं. दादाने आपल्या कामातला मोठा वाटा त्याला दिला, म्हणाला, “मशीन फुकट कशाक उभी ठेवतंस, चालव.” आता ती चालते.

मी वर्गात अजून तेच पुस्तक शिकवते. त्यात लिहिलं आहे की अर्थव्यवस्थेत स्थैर्य राखणं हे सरकारचं काम. परवा एका मुलीने विचारलं, “मॅडम, आणि सरकारच अस्थिर करत असेल तर?” मी म्हटलं, ते अभ्यासक्रमात नाही. ती म्हणाली, हो ना. दोघी हसलो. लोकांना वाटतं की वर बसलेल्यांकडे कुठेतरी एक मोठा तक्ता असणार, चाळीस रंगांचा, आणि त्यावर सगळं काढलेलं असणार. मलाही वाटायचं. आता वाटतं, त्यांच्यातही माझ्यासारखंच कुणीतरी टिचकी मारत उभं असतं, आणि घर दुसऱ्याचं असतं.

हे इथेच संपलं असतं. पण यंदा परीक्षा संपल्यावर एका शनिवारी मी गाळ्यावर गेले. लहान कारखानदारांसाठी सरकारची एक नवी योजना आली होती, तिचे बारा पानी फॉर्म मी छापून नेले होते. माणसं जेवायला गेली होती. दादा एकटाच डबा खात बसला होता. मी स्टूल ओढलं आणि बोलता बोलता त्याला सांगितलं की त्याचा कौल आता माझ्या वर्गात दोन वेळा शिकवून झाला. पहिल्यांदा अंधश्रद्धेचं उदाहरण म्हणून, आणि नंतर शब्द मागे घेऊन, नशिबाचं उदाहरण म्हणून. दमट हवा, गार पाषाण, सुकत नसलेलं पाणी, सगळं.

दादा हसायला लागला. एवढा हसला की त्याला ठसका लागला, मी पाठीवर थापटलं. पाणी पिऊन तो म्हणाला, “बाय, पाकळी पडली होती.”

“काय?”

“पडली होती. दहा मिनिटांत. दमट-बिमट काय नव्हता.”

“कुठली पडली?”

“उजवी.”

उजवी म्हणजे हो. देवाने मशीन घे म्हणून सांगितलं होतं.

“मग तू घेतली का नाहीस?”

“मनात नव्हताच माझ्या. तो मालक आला ना, पांढऱ्या बुटांचो, त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याचो माणूस माल न्यायला आला. नऊ वर्षं तो माणूस प्रत्येक खोक्यातले चार तुकडे काढून त्यांचे आटे मापाचा गेज लावून तपासायचा. एक केस इकडची तिकडे झाली की खोका परत. त्या दिवशी त्यान गेज खिशातून काढलोच नाय. खोके उचलले आणि चालता झाला. मी तेव्हाच म्हटलं, माप न घेता माल उचलतात म्हणजे ह्ये लोक घाबरलेले आहेत. घाबरलेल्याच्या मागून पळायचं नाय.”

“हे तू मला तेव्हा का नाही सांगितलंस? आणि देवाच्या शब्दाबाहेर गेलास? तू?”

“गुरवाला विचारलं ना मी. तो म्हणालो, उजवी पडली म्हणजे देवाची परवानगी. हुकूम नव्हे. परवानगी मिळाली म्हणून करूकच व्हया असा नाय.” त्याने डब्याचं झाकण लावलं. “देवाक नाय म्हणूक काय वाटला नाय, बाय. पण तू तो एवढा मोठा पुठ्ठा घेऊन आलेलीस. चार रंगांत. आईसमोर उभी राहून बोलत होतीस, आणि आई अशी तुझ्याकडे बघत होती. मी दहावी शिकलेला माणूस. तुका नाय कसा म्हणू? म्हणून देवाचं नाव सांगितलं.”

गाळ्यात पंखा फिरत होता. माझे डोळे भरून आले, आणि मला हसूही येत होतं. ज्याने माझ्यासाठी शाळा सोडली, त्याला माझ्या शिक्षणाचा मान राखायला देवाला मध्ये घालावं लागलं होतं. मी डोळे पुसले आणि काहीतरी बोलायचं म्हणून पर्समधून ते बारा पानी फॉर्म काढले.

“बरं, ही सरकारची नवी योजना आहे. चांगली वाटतेय. मी भरून देते, तू फक्त सही कर.”

दादाने फॉर्म हातात घेतला, पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं. मग माझ्याकडे सरळ बघितलं आणि म्हणाला, “नाय.”